आवाजांचे मालक

ठकीच्या घरात प्रत्येक आवाजाला एक मालक होता. घरघर फ्रिजची. मधूनच होणारा टक् आवाज गरम पाण्याच्या नळाचा, कारण नळ तापला की लांबतो आणि निवला की आखडतो. भिंतीतली गुरगुर शेजारच्या पंपाची. जिन्यातलं कुरकुरणं लाकडाचं. आणि कटकन होतं ते?

"बाबांचा गुडघा," ठकीनं हे स्वतः शोधून काढलं होतं आणि या शोधाचा तिला भारी तोरा होता. "जिना चढताना वाजतो. उतरताना नाही."

रात्रताईनं दोन-तीन दिवस कान देऊन ऐकलं. पोरीचं म्हणणं बरोबर निघालं.

रात्रताई हे नावही ठकीनंच ठेवलेलं. आईबाबांना बाहेर जायचं असलं की ही यायची, ती अंधार पडल्यावरच, म्हणून रात्रताई. दिवसा ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची, तिथे तिला दुसरं नाव होतं, पण ते ऐकून ठकी म्हणाली होती, "हे तुला शोभत नाही."

आवाजांचा खेळ रात्रताईनं हौस म्हणून काढला नव्हता. ती या घरी पहिल्यांदा आली तेव्हा पाच वर्षांची ही पोर दिवेलागण झाली की पलंगाखाली जाऊन बसायची. घरातले सगळे दिवे चालू पाहिजेत, खोलीचं दार सताड उघडं पाहिजे, आणि तरी खुट्ट झालं की अंगाचं मुटकुळं. आधी सांभाळायला येणाऱ्या मावशी काम अर्ध्यावर टाकून गेल्या, तेव्हापासून हे सुरू झालं, असं ठकीची आई म्हणाली. "लळा होता ना त्यांचा," ती म्हणाली आणि विषय बदलला.

रात्रताईनं समजूत घालण्याच्या फंदात न पडता विजेरी घेतली आणि ठकीला फ्रिजच्या मागे नेलं. "हात लाव. थरथरतंय ना? हाच तो राक्षस." मग नळ, मग पंप, मग जिना. खेळाचा नियम एकच: खोटा मालक सांगायचा नाही. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं आणि शोधायला जायचं. थंडी सरता सरता ठकी पलंगावर झोपायला लागली, मग दार लोटून, आणि एका रात्री तिनं स्वतःच्या हातानं दिवा बंद केला. रात्रताईनं बऱ्याच परीक्षा दिल्या होत्या आणि गुणही चांगले मिळवले होते, पण त्या बटणाचा आवाज ऐकून झाला तसा आनंद तिला कुठल्याच निकालानं दिला नव्हता. पोरीची ही झोप पुन्हा नासू नये, एवढीच काळजी तिला असायची.

त्या संध्याकाळी ठकीचे आईबाबा दोघं कारखान्याच्या कुठल्याशा जेवणाला निघाली होती. ठकीचे बाबा कारखान्यात सुरक्षा अधिकारी. रात्रताई त्यांना दादा म्हणे आणि ठकीच्या आईला वहिनी. बूट घालता घालता दादांनी नेहमीची उलटतपासणी सुरू केली.

"गॅस?"

"बंद."

"मागचं दार?"

"कडी लावलीय."

"आग लागली तर?"

"आधी ठकी, मग बाकीचं जग."

"आणि चोर आला तर?"

"दादा, तुमच्याकडे न्यायला आहे काय? त्या ढाली?" कपाटावर सुरक्षा सप्ताहाच्या ढाली ओळीनं उभ्या होत्या, एकीवर हेल्मेटचं चित्र.

दादा हसले. वहिनी एरवी अशा वेळी दादांची आणखी खेचायची. आज तिनं पर्स उघडली, आत बघितलं आणि बंद केली.

"पुढच्या महिन्यापासून तुझ्यावरच सगळं येणार बघ," दादा म्हणाले. वहिनीची बदली होणार होती, ती फक्त सुट्टीला येणार होती, आणि दादांना आठवड्यातून काही रात्री कारखान्यात काढाव्या लागत. म्हणजे त्या रात्री ठकीजवळ रात्रताई एकटी.

"चला भोंगासाहेब," वहिनी म्हणाली. कारखान्यातली माणसं दादांना पाठीमागे भोंगासाहेब म्हणत, कारण धोक्याचा भोंगा वाजवून माणसं मैदानात पळवायची, हे त्यांचं काम. वहिनी तेच नाव तोंडावर घ्यायची. निघताना ती वळली. "फोन जवळ ठेव हं."

"असतोच."

"नाही, ठेव आपला."

ठकी वेळेवर झोपली. दिवा तिनंच बंद केला.

रात्रताई खालच्या खोलीत वाचत बसली होती तेव्हा तिचा फोन वाजला. नंबर दिसत नव्हता. उचलला तर नुसता श्वास.

"हॅलो, कोण?"

"पोरगी झोपली का?" पुरुषाचा आवाज, घोगरा, सावकाश.

"कोण बोलतंय?"

"वरच्या खोलीत झोपते ना ती?"

आणि फोन बंद.

रात्रताई उठली आणि आधी वर जाऊन आली. ठकी पालथी झोपली होती, एक पाय पांघरुणाबाहेर. खाली येऊन तिनं खिडक्यांच्या कड्या पुन्हा बघितल्या, मागच्या दाराची कडी बघितली. पुढच्या दाराला कडी नव्हती, ओढलं की आपोआप लागणारं कुलूप होतं. तिनं स्वतःला समजावलं: कुणाचा तरी फाजीलपणा असेल. पण 'वरच्या खोलीत' हे फाजील माणसाला कसं माहीत?

घंटी वाजली.

ती दाराच्या भोकाला डोळा लावून उभी राहिली. बाहेर काळोख. पायरीवरचा दिवा संध्याकाळी तिनं स्वतः लावला होता. दिवे जातात, तारा जळतात, त्यात नवल नाही. पण आत्ताच?

मग स्वयंपाकघरातून एक आवाज आला, आणि तिच्या डोक्यानं सवयीनं मालक शोधला. फ्रिज नाही. नळ नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली तेव्हा मागच्या दाराची मूठ हळूच खाली गेली, थांबली आणि तितक्याच हळू वर आली. कडी होती म्हणून दार हललं नाही.

तिनं वहिनीला फोन लावला. वाजत राहिला. दादांना लावला. वाजत राहिला. पुन्हा वहिनीला. या वेळी अर्ध्यात कुणीतरी बंद केला. जेवणाच्या गडबडीत चुकून झालं असेल, असं तिला वाटलं. दुसरं काही वाटायला कारण नव्हतं. मग तिनं वसाहतीच्या फाटकावर फोन केला. रखवालदारानं सगळं ऐकून घेतलं.

"घाबरू नका ताई. पोलिसांना मी कळवतो. तुमचा फोन तेवढा मोकळा ठेवा, त्यांचा येईल."

"आणि तुम्ही?"

"निघालोच."

त्याच्या आवाजात घाई नव्हती. ते तिला खटकलं, पण शहाण्या मुलीसारखा तिनं फोन मोकळा ठेवला.

आणि दिवे गेले.

खिडकीतून समोरच्या घराचा दिवा दिसत होता. म्हणजे वीज गेली नव्हती, याच घराची बंद केली होती. मीटरची पेटी बाहेरच्या भिंतीवर होती. ती फोनच्या उजेडात जिना चढली. खोलीत शिरली तेव्हा अंधारातून ठकीचा झोपाळू आवाज आला.

"फ्रिज गेला."

"हो गं."

"का गेला?"

"माहीत नाही," रात्रताई म्हणाली. नियम नियम होता.

तिनं दार लावलं. त्याला वरची कडी होती आणि खाली, ठकीचा हात पोचेल अशी, एक लहान कडी. तिनं दोन्ही घातल्या, अभ्यासाचं टेबल ओढून दाराशी लावलं आणि ठकीला पलंगाच्या पलीकडे भिंतीशी बसवलं. मग हाताला काय लागतं ते बघायला ती खोलीला जोडलेल्या न्हाणीत गेली. वरच्या फळीवर संडास धुवायच्या ॲसिडची बाटली होती.

तिनं बाटली उतरवली, बूच काढलं. वास नाकात घुसला. बाटलीच्या तोंडातून धार बारीक येते, नेम चुकतो. म्हणून तिनं ते मगमध्ये ओतलं. हे सगळं तिचे हात अगदी शांतपणे करत होते, प्रयोगशाळेत करावं तसं. याचा एक थेंब कातडीला काय करतो, डोळ्यात गेलं तर काय उरतं, हे ती नव्या मुलांना शिकवायची. ओतताना एक थेंब मनगटावर पडला आणि चरचरला. तिनं तो पाण्याखाली धरला, मग दाराच्या बाजूला, दार उघडलं तर आड राहील अशी, उभी राहिली. टेबल सरकेल, फटीतून आधी डोकं येईल. डोक्यावर टाकायचं. ती मनात हे पुन्हा पुन्हा म्हणत होती, पाढा म्हणावा तसं.

खाली पुढच्या दारात किल्ली फिरली. तोडफोड नाही, धडपड नाही. किल्ली.

"वहिनी?" ती दारातून ओरडली. "दादा?"

उत्तर नाही. पावलं जिन्याशी आली.

कुरकुर. कुरकुर. कट्.

"बाबा," ठकी म्हणाली.

रात्रताईनं मागे सरून मोकळा हात तिच्या तोंडावर दाबला. "शू. अजिबात बोलायचं नाही." पोरीला बाप हवा होता, म्हणून बाप ऐकू येत होता. ठकीनं दोन्ही हातांनी तिची बोटं उचकटली आणि चिडून, पण कुजबुजत म्हणाली, "बाबांचाच गुडघा आहे. चढताना वाजतो. तूच ऐक ना."

कुरकुर. कट्.

रात्रताईनं ऐकलं. जिना जिथे वळतो तिथे ठकीची तीनचाकी उभी असायची; दिवसाउजेडी पाहुणे तिच्यावर आपटायचे. पावलं वळणाशी आली, क्षणभर थांबली, आणि मिट्ट काळोखात तीनचाकीला वळसा घालून पुढे आली.

म्हणजे हे घरातलंच माणूस होतं. ती न्हाणीत गेली, मगमधलं सगळं संडासात ओतलं आणि रिकामा झाला तरी तो मग हातातून सोडवेना. आणखी एक कुरकुर ऐकू आली नसती तर, किंवा या पोरीचे कान इतके तिखट नसते तर... पुढचं तिच्या डोळ्यांसमोर आलं.

"बाबा बोलत का नाहीत?" ठकीनं विचारलं.



दाराची मूठ हलली. मग धक्का. टेबलावरचे रंगीत खडू घरंगळून खाली पडले.

"दादा, पुरे," रात्रताई मोठ्यानं म्हणाली. "ठकीला कळलंय तुम्ही आहात ते."

पलीकडे सगळं थांबलं. अंतर इतकं कमी होतं की श्वास ऐकू येत होता. ठकी पलंगामागून उठली आणि टेबलाशी येऊन उभी राहिली, दार उघडेल म्हणून.

आणि मग दारावर खांद्याचा धक्का बसला, आधीपेक्षा जोरात. पुन्हा एकदा. ठकी मागे सरली ती थेट पलंगाखाली गेली.

पावलं खाली उतरली. थोड्या वेळानं बाहेर शिट्टी वाजली, लांबलचक, मैदानावर वाजते तशी, आणि घरभर दिवे लागले. फ्रिज घुर्र करून सुरू झाला.

रात्रताईनं टेबल बाजूला केलं, पलंगाखाली वाकून "मी खाली जाऊन आलेच" असं सांगितलं.

खाली दादा हातमोजे काढत होते. चेहरा लाल, खूश. वहिनी दाराशीच उभी होती, अजून चपला न काढता.

"ये, बस," दादा म्हणाले. "पाणी दे गं हिला. शाब्बास. मानलं तुला."

"पोलीस कुठे आहेत?"

"कसले पोलीस? फाटकावर मी आधीच सांगून ठेवलं होतं. सरावाआधी कळवायचं असतं, नाहीतर उगाच बाहेरची गर्दी होते."

"आणि फोनवर कोण होतं?"

"आमचा फोरमन. त्याला नाटकात काम करायची हौस आहे. आवाज कसा होता? जरा जास्तच झाला का?"

रात्रताई वहिनीकडे वळली. "तुम्ही फोन कट केलात."

"उचलणारच होते गं मी," वहिनी म्हणाली. "ह्यांनी हातातून घेतला. म्हणाले, आता उचललास तर सगळं फुकट जाईल."

"गेलंच असतं," दादा म्हणाले. "हे बघ, राग येणार. कारखान्यातही लोकांना येतो, मला शिव्या घालतात, मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. पण सांगून केलेला सराव म्हणजे कवायत. तू आमच्या पोरीजवळ रात्र रात्र एकटी राहणार. वेळ आली तर तू थांबशील की जाशील, हे नुसतं विचारून कसं कळणार? थांबेन असंच म्हणशील. आधीच्या मावशीही म्हणाल्या होत्या."

"मावशी?"

"त्यांच्या बाबतीतही हेच केलं होतं. दिवे गेले तशी बाई मागच्या दारानं, अनवाणी. पोरगी वर एकटी. मी जाऊन बघतो तर ही पलंगाखाली." त्यांनी हे पुरावा म्हणून सांगितलं. "मी हे केलं नसतं तर कळलं असतं का आम्हाला त्या कशा आहेत ते?"

रात्रताई उभीच होती. अख्खी थंडी तिनं त्या भीतीचं कारण शोधलं होतं, फ्रिजच्या मागे, नळात, भिंतींत. आणि ते कारण समोर सोफ्यावर बसून पाणी पीत होतं.

तिनं हातातला मग टेबलावर ठेवला. "यात ॲसिड होतं. आता नाही, ओतलंय. दारातून जे डोकं आत येईल त्याच्यावर टाकायचं होतं."

दादांचा हात आपोआप गालाकडे गेला.

"ॲसिड," दादा म्हणाले. आवाज जरा उतरला होता. "हे मात्र चूक आहे हं. बंद खोलीत, मूल जवळ असताना, असली बाटली उघडायची नसते."

"अहो, गप्प बसा तुम्ही," वहिनी म्हणाली.

"नाही, मी फक्त त्रुटी..."

"गप्प बसा."

"पण मग टाकलं का नाहीस?" दादांनी रात्रताईला विचारलं.

"ठकीनं तुमचा गुडघा ओळखला. मी ओरडून सांगितलंही तुम्हाला."

"मला वाटलं तू अंदाजानं बोलतेयस. असं बोलून बघतात लोक." ते थांबले. "म्हणजे मी दार ढकललं तेव्हा तिला माहीत होतं?"

"ती तुम्हाला आत घ्यायला दाराशी आली होती."

दादा उठले आणि जिना चढायला लागले, तशा दोघी त्यांच्या मागून गेल्या.

खोलीचं दार बंद होतं. दादांनी ढकलून पाहिलं. खालची कडी आतून घातली होती.

"ठके, दार उघड. बाबा आहे."

"माहीत आहे," आतून आवाज आला.

"अगं, खेळ होता तो. संपला."

दादांनी वहिनीकडे पाहिलं, मग रात्रताईकडे. "तू सांग तिला. तुझं ऐकते."

रात्रताई दाराशी खाली बसली, ठकीच्या उंचीला. "ठके, मी आहे."

"तुला माहीत होतं?"

"नाही."

"खरंच?"

"खरंच. मला तुझ्यामुळे कळलं."

दारामागे काहीतरी सरकलं. ठकी जवळ आली असावी. "आईला माहीत होतं?"

वहिनीनं रात्रताईच्या खांद्यावर हात ठेवला. दाबला. रात्रताईनं वर बघितलं. वहिनी नकारार्थी मान हलवत होती, डोळे भरून आले होते. एक शब्द, एवढंच तिला हवं होतं. तो शब्द दिला तर ठकीला निदान आई उरली असती, आणि रात्रताईलाही बहुधा काम उरलं असतं. पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात, ठकी दिवा बंद करताना तिच्याजवळ बसून राहता आलं असतं. पण ज्या पोरीनं काळोखात गुडघ्यावरून बाप ओळखला, ती हेही कधीतरी ओळखणारच. आणि तेव्हा तिच्याजवळ खरं सांगणारं एकही माणूस नसेल.

"हो," रात्रताई म्हणाली. "माहीत होतं."

खांद्यावरचा हात निघाला.

"काय गरज होती?" वहिनी घुसमटल्यासारखी म्हणाली. "काय गरज होती आत्ता सांगायची?"

"तू एकटीच ये," ठकी आतून म्हणाली. "त्यांना खाली जायला सांग."

"हे फार होतंय," दादा म्हणाले. पण ते मागे सरले, वहिनीला दंडाला धरून जिन्याच्या कठड्यापर्यंत गेले आणि तिथे उभे राहिले, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे. "उद्यापासून तू येऊ नकोस," ते तिथून म्हणाले. "आमचं आम्ही बघू."

"बरं," रात्रताई म्हणाली.

कडी सरकली. दार एक अंग जाईल इतकंच उघडलं, ती आत शिरली. खोलीतला दिवा, न्हाणीतला दिवा, टेबलावरचा दिवा, सगळे चालू होते. ठकी पुन्हा पलंगाखाली गेली आणि तिथून बघत राहिली, रात्रताई काय करते ते.

रात्रताईनं दार लावलं आणि कडी घातली. मग ती फरशीवर आडवी झाली आणि पलंगाखाली हात घातला. ठकीनं तो धरला. बाहेर नवराबायको हळू आवाजात एकमेकांना दोष देत होती. उजाडलं की ही कडी काढावी लागणार होती, आणि बाहेर हीच दोघं असणार होती.